शिवेवरचं गाऱ्हाणं

पालखी अंगणातून उचलली गेली, ढोलवाले शेजारच्या जानूच्या घराकडे वळले आणि नेमका तेव्हाच अनिशने खिशातून मोबाइल काढला. घटकाभर आधी काढला असता तर पुढचं सगळं रामायण टळलं असतं. पण कुठलीही गोष्ट वेळेवर करायची नाही, हा अनिशचा बाणाच होता. जन्मालाही तो उशिराच आला, असं त्याची आई चारचौघांत सांगायची.

"काकी," तो चारुशीलाला म्हणाला, "इरा आखेनला नाय हाय."

चारुशीला वाकून रांगोळीवर उडालेले खोबऱ्याचे तुकडे वेचत होती. महाडच्या शाळेत भूगोल शिकवणारी, वर्गात पाय टाकला की चिडीचूप शांतता करणारी बाई. पण शिमग्याला पोलादपूर ओलांडून आंबेनळीच्या पायथ्याच्या या गावी आली, की ती फक्त धाकटी सून उरायची. मान वर न करताच तिने विचारलं, "मग कुठे आहे?"

"अँटवर्पला. हा बघा ना स्टेटस. काल संध्याकाळचा."

फोटोत चारुशीलाची लेक इरावतीच होती. मागे रुंद नदी, डोक्यावर चारुशीलाने कधी न पाहिलेली लाल टोपी, हातात कागदाच्या पुड्यात तळलेले बटाटे आणि दोन्ही बाजूंना दोन मैत्रिणी. तिघी तोंड फाटेस्तोवर हसत होत्या. खाली शहराचं नाव आणि पुढे चार बदाम.

"शक्यच नाही," चारुशीला म्हणाली. "मंगळवारी पेपर आहे तिचा. शनिवार-रविवार लायब्ररीतून हलणार नाही, असं शुक्रवारी मला स्वतः म्हणाली."

"मग लायब्ररीत बटाटे तळून देत असतील."

"काय झाला रे?" पडवीतून भागीवहिनीचा आवाज आला आणि त्या पाठोपाठ आरतीचं ताट घेऊन ती स्वतः. चारुशीलाची थोरली जाऊ, अनिशची आई, या घराची खरी मालकीण. तिला ऐकू कमी येतं अशी गावात समजूत होती. ती समजूत तिनेच पसरवलेली होती.

अनिशने जीभ चावली, पण उशीर झाला होता.

"इरा दुसऱ्या गावाला गेलीय फिरायला," तो पुटपुटला.

भागीवहिनीने ताट जमिनीवर ठेवलं. ती पायरीवर बसली आणि दोन्ही हात गुडघ्यांवर टेकून म्हणाली, "म्हणजे गाऱ्हाणा चुकला."

चारुशीला वेचलेलं खोबरं तसंच टाकून उठली. का उठली, ते तिचं तिलाच कळेना. असल्या गोष्टींवर तिचा विश्वास नव्हता. निदान कालपर्यंत नव्हता.

गावची रीत अशी. शिमग्यात काळकाईची पालखी दारात आली, की येसाजी गुरव घरातल्या एकेकाचं नाव घेऊन देवीला गाऱ्हाणं घालतो आणि नावाबरोबर तो माणूस आत्ता कुठे आहे ते गावही सांगतो. त्या घडीला देवी त्या गावी जाऊन त्याला गाठते. एकदा गाठला की मग तो कुठेही जावो, वर्षभर ती त्याची पाठ सोडत नाही. पण गाठायचं कुठे, ते मात्र माणसांनी बरोबर सांगायला हवं. आताच, याच अंगणात, येसाजीने खणखणीत आवाजात सांगितलं होतं, "या घरची लेक इरावती जर्मनीत आखेन गावी शिकायला हाय, तिला सांभाळ गो आई!" आणि सगळ्यांनी "व्हय म्हाराजा" म्हणून होकार भरला होता. त्यात चारुशीलाही होती.

"वहिनी, असं काही नसतं हो," ती म्हणाली. आवाज मात्र शाळेतला नव्हता.

"नसतं कसं? देवी तिकडं आखेनात तिच्या खोलीत जाऊन ऱ्हायली. पोर दुसऱ्याच गावात बटाटे खातेय."

यावर हसावं की रडावं, हे चारुशीलाला समजेना. कारण हे बोलणारी भागीवहिनी होती, आणि ती असं का बोलते ते घरातल्या भिंतींनाही ठाऊक होतं. तिचा नवरा सोमा, म्हणजे चारुशीलाचे थोरले दीर, मुंबईच्या एका कंपनीत होते. कंपनीने घरी बसवलं, तेव्हा ते लाजेकाजेस्तव गावात न सांगता खेडच्या बाजूला कुणाच्या तरी टेम्पोवर राबायला लागले. भागीवहिनीला हे माहीत होतं. तरी त्या शिमग्यात तिने येसाजीला ताठ मानेने सांगितलं, "मुंबईत हायत." पुढे आषाढात तो टेम्पो पुराच्या पाण्यात मोरीवरून वाहून गेला. टेम्पो सापडला, चालवणारा सापडला. सोमाभाऊजी सापडले नाहीत. देवी मुंबईत शोधत बसली, असं गाव कुजबुजलं.

आणि गंमत म्हणावी की काय म्हणावं, तेव्हापासून दर शिमग्याला भागीवहिनी बाकी सगळ्यांचा ठावठिकाणा पुन्हा पुन्हा विचारून घ्यायची, पण सोमाचं नाव आलं की येसाजीला एकच सांगायची, "मुंबईत हायत." आजही तेच सांगितलं होतं. येसाजीने तेच म्हटलं होतं. "व्हय म्हाराजा" म्हणताना सगळ्यांनी जमिनीकडे पाहिलं होतं. कपाळाला कुंकू, गळ्यात मंगळसूत्र. विचारायची हिंमत कुणाची?

"फोन लाव," चारुशीला अनिशला म्हणाली.

"लावला. बंद हाय."

"परत लाव."

"अगं, ती अँटवर्पला नसणार," मागून कुणीतरी शांतपणे म्हणालं. "ॲम्स्टरडॅमला आहे ती."

बोलणारा चिंतामणी होता. चारुशीलाचा नवरा. पालखी गेल्यापासून तो खुर्चीत बसून प्रसादाचं खोबरं चघळत होता. सगळ्यांचे डोळे आपल्याकडे वळलेले पाहून त्याने खोबरं गिळलं आणि ते घशात अडकलं.

"तुम्हाला कसं माहीत?" चारुशीलाने विचारलं.

"शुक्रवारी बोलली. दोन दिवस मैत्रिणींबरोबर जाते म्हणाली. आईला सांगू नका, ती पेपरवरून ओरडेल..." चिंतामणीला आपण काय बोलून बसलो ते बोलता बोलताच कळलं, पण वाक्य अर्ध्यावर सोडायची त्याला सवय नव्हती. "...म्हणून नाही सांगितलं."

चारुशीलाच्या तळपायाची आग मस्तकात गेली. "म्हणजे येसाजी आखेन आखेन करत होता, तेव्हा तुम्हाला ठाऊक होतं? आणि तुम्ही मूग गिळून 'व्हय म्हाराजा' म्हणालात?"

"अगं, सगळ्यांनी म्हटलं, मीही म्हटलं! गाऱ्हाण्याच्या मध्येच हात वर करून सांगायचं होतं का, की बदल करा म्हणून? तू भूगोल शिकवतेस चारू, आणि..."

"भूगोल शिकवते म्हणूनच विचारतेय. ॲम्स्टरडॅम एका देशात आहे आणि अँटवर्प दुसऱ्या. मुलगी एका वेळी दोन देशांत कशी?"

"दोन नाय, तीन गावं हायत," अनिश खाली मान घालून म्हणाला. "मला काल दुपारी व्हॉइस मेसेज आला होता. रॉटरडॅमवरून. गाड्यांचा काहीतरी लोचा झालाय, ॲम्स्टरडॅमची गाडीच नाय, आम्ही मध्येच उतरलो, असं बोलली."

"आणि तोही तू आत्ता सांगतोयस!"

"मला वाटला, काकांनी सांगितला असंल."

"मला वाटलं, तुला ती काही सांगत नाही," चिंतामणी म्हणाला.

मेसेज सगळ्यांनी मिळून ऐकला. मागे स्टेशनातला गलका, मध्येच कुठल्याशा अगम्य भाषेतली सूचना आणि इराचा आवाज, धावल्यासारखा, आनंदी: "अन्या, अरे सगळा पचका झालाय! आता बघू कुठे जाता येतंय ते. मज्जा येतेय पण!" चारुशीलाने तो पुन्हा लावायला सांगितला. लेकीचा हा आवाज तिने कित्येक महिन्यांत ऐकला नव्हता. तिच्याशी बोलताना इरा नेहमी जेवण झालं, अभ्यास चालू आहे, थंडी कमी झाली, एवढंच सांगायची. मज्जेचं बोलणं बापाच्या आणि चुलतभावाच्या वाट्याला आलं होतं, आणि आईच्या वाट्याला लायब्ररी. हे तिला भलतंच लागलं.

त्यात इराला परदेशी पाठवायचा हट्ट चारुशीलाचा. चिंतामणी नको म्हणत होता, पुण्यात काय कमी आहे म्हणत होता. हीच पदर खोचून उभी राहिली होती. उद्या काही झालं, तर जबाब कुणी द्यायचा? तिने स्वतः पुन्हा फोन लावला. बंद. मैत्रिणींपैकी एकीचंही आडनाव तिला माहीत नव्हतं.

"रात्री परत यायची आहे ना ती?" चिंतामणी समजुतीच्या सुरात म्हणाला. "मग रात्री बोलू. बॅटरी संपली असेल."

"सोमाभाऊजींच्या वेळीही आपण असंच म्हणालो होतो," चारुशीला म्हणून गेली.

जानूच्या दारातला ढोल तेवढा वाजत होता. चारुशीलाला शब्द परत घ्यावेसे वाटले, पण भागीवहिनी रागावली नाही. ती उठली, चारुशीलाजवळ आली आणि तिचा दंड धरून म्हणाली, "चारू, चल. येसाजीला गाठू. पालखी मागारी आणता येती का बघू."

दोन जावांचं गेल्या दिवाळीपासून धड बोलणं नव्हतं. फराळाच्या डब्यावरून काहीतरी बिनसलं होतं आणि ते दोघीही आता विसरल्या होत्या. पण बायका अशा दंडाला धरून निघाल्या, की पुरुषांनी मध्ये पडायचं नसतं, एवढं चिंतामणीला लग्नाच्या अनुभवाने कळलं होतं. त्याने चपला शोधल्या आणि तो मुकाट मागे चालू लागला.

येसाजी गुरव जानूच्या ओट्यावर पाणी पीत होता. त्याने सगळं ऐकून घेतलं आणि मान हलवली.

"पालखी मागं फिरत नाय, मास्तरीणबाई. ज्या दारातून उठली त्या दारात आता पुढल्या शिमग्याला."

"पण चुकलं असेल तर?"

"चुकला असंल तर शिवेवर घालायचा." त्याने भांडं उपडं ठेवलं. "शेवटचा गाऱ्हाणा शिवेवर असतो ना. ज्याचा ठिकाणा कुनालाच ठाऊक नाय, त्याचा. तिथं सांगा."

"नाय!" भागीवहिनी एवढ्या जोरात म्हणाली, की ढोलवाल्याची टिपरी थांबली. "जित्या पोरीचा नाव शिवेवर? येसाजी, तुला काय वाटतं का? हरवलेल्यांचा गाऱ्हाणा हाय तो!"

"वहिनी, तुम्हीच म्हणालात ना..." चारुशीला म्हणाली.

"मी मागारी आण म्हनले. शिवेवर ने नाय म्हनले!" तिचा चेहरा पार उतरला होता. "शिवेवर नाव घेतला की आपनच बोलून दिला गो, की मानूस गेला. तू नको घालू. ॲम्स्टर का काय ते सांग कायतरी ठोकून. गाव सांगितला म्हंजे झाला."

"खोटं सांगू?"

भागीवहिनी वळली आणि घराच्या दिशेने निघून गेली. मघाशी दंड धरणारा हात सुटला तशी चारुशीला रस्त्यात एकटी उभी राहिली. एकीकडे येसाजी, एकीकडे नवरा, आणि मनात इतका गोंधळ, की वर्गात कुणी भारताची राजधानी विचारली असती तरी तिला सांगता आली नसती. विश्वास नाही तर घरी जाऊन चहा प्यावा. विश्वास असेल तर शिवेवर जावं. आणि शिवेवर गेलं, तर आपली लेक हरवली असं आपल्याच तोंडाने म्हणावं. यातलं काय करायचं?

"घरी जाऊ या," चिंतामणी हळूच म्हणाला. "लोक हसतील."

"घाला काकी," अनिश म्हणाला.

तिने चमकून पाहिलं. अनिश तिच्याकडे बघत नव्हता. त्याची आई ज्या वाटेने गेली, त्या वाटेकडे त्याचे डोळे होते.

"ठाऊक नाय, तर ठाऊक नाय म्हनावा," तो म्हणाला. "दरसाल खोटा पत्ता ऐकून कान किटले माझे. नोकरी गेली तेव्हा पन मुंबई, टेम्पो वाहून गेला तेव्हा पन मुंबई. मी मुंबईला जातो ना काकी, तेव्हा गर्दीत येड्यासारखा तोंडं बघत फिरतो. आयेला नाय सांगितला कधी."

इतकी वर्षं या पोराला सगळ्यांनी आळशी, वेंधळा म्हणून निकालात काढलं होतं. चारुशीलाला वाटलं, आपण याला एकदाही काही विचारलं नाही. तिने जानूच्या बायकोकडून एक नारळ मागून घेतला.

शीव म्हणजे काही मोठं ठिकाण नव्हे. ओढ्याच्या अलीकडे शेंदूर लावलेला एक धोंडा, त्यापलीकडे दुसऱ्या गावची भाताची खाचरं, आणि समोर आंबेनळीचा डोंगर, ज्याच्या अंगावरून महाबळेश्वरला जाणाऱ्या गाड्या मुंग्यांसारख्या सरकताना दिसतात. उन्हं कलली होती. पालखी टेकवली, माणसं गोल उभी राहिली. गेल्या काही वर्षांत या गाऱ्हाण्याला कुणी नाव दिलं नव्हतं. येसाजी मोघम काहीतरी बोलायचा आणि पालखी परतायची.

आज त्याने चारुशीलाकडे पाहिलं. "कुनाचा हाय?"

"इरावतीचं."

"कुठं हाय म्हनून सांगू देवीला?"

तिने तोंड उघडलं. तिन्ही शहरं तिने डोळे मिटून नकाशावर दाखवली असती; कुठली नदी, कुठलं बंदर, सगळं पाठ. त्यातलं एखादं नाव ठोकून देणं सोपं होतं.

"माहीत नाही," ती म्हणाली. आणि ते पुरेसं नाही असं वाटून पुन्हा म्हणाली, "माझी मुलगी कुठे आहे, ते मला माहीत नाही."

चिंतामणीने डोक्यावरची टोपी काढून हातात घेतली, मग पुन्हा घातली.

"आई काळकाई," येसाजीचा आवाज मघासारखा खणखणीत नव्हता, जवळच्या माणसाशी बोलावं तसा होता, "तुझ्या पायरीची लेक इरावती. कुठं हाय, ते तिच्या आईला ठाऊक नाय. तुला ठाऊक हाय. जिथं असंल तिथं तिला गाठ, आनि तिच्या पाठीशी उभी ऱ्हा गो आई!"

"व्हय म्हाराजा!"

नारळ फुटला. भोयांनी खांदे लावायला वाकावं, तोच मागून आवाज आला.

"थांबा रे. आनखी एक हाय."

भागीवहिनी उभी होती. ती कधी आली, कुणालाच कळलं नव्हतं. डोक्यावरून पदर, धाप लागलेली, आणि हातात देवघरातला नारळ. माणसं बाजूला सरली. येसाजीने नाव विचारलं नाही. ते विचारायची गरज नव्हती. त्याने फक्त रीतीप्रमाणे विचारलं, "कुठं हाय?"

तिचे ओठ सवयीने 'मुं' म्हणायला मिटले. चारुशीलाने ते पाहिलं, अनिशनेही पाहिलं. मग ते ओठ तसेच मिटलेले राहिले, आणि ओढ्यापलीकडे कुणाची तरी म्हैस रेकली तेवढाच आवाज झाला.

"मुंबईत नाय," भागीवहिनी म्हणाली. "खेडवरनं निघाले होते. पुढं मला ठाऊक नाय."

गाऱ्हाणं झालं. सगळे "व्हय म्हाराजा" म्हणाले आणि त्या सगळ्यांच्या मागून, एकट्याचं, उशिरा, अनिशचं "व्हय म्हाराजा" आलं. तो रडत होता आणि लपवत नव्हता. भागीवहिनीने नारळ त्याच्या हातात दिला. फोडायचं काम मुलाचं होतं.

पालखी ढोल न वाजवता परत फिरली. तेवढ्यात चारुशीलाच्या हातातला फोन थरथरला.

"आई! अगं किती मिस्ड कॉल! काय झालंय? सगळे ठीक आहेत ना?"

"तू कुठे आहेस?"

"कुठे म्हणजे? खोलीत. झोपले होते गं."

"कुठल्या खोलीत?"

"माझ्या. आखेनला." आणि मग तिच्या लक्षात आलं. "कळलं वाटतं. सॉरी आई. गेलो होतो आम्ही फिरायला, पण अँटवर्पला राहायची सोय फिसकटली, म्हणून रात्रीच्याच बसने परत आलो. उजाडायच्या आधी पोचले आणि फोन बंद करून झोपले. लायब्ररीचं खोटं बोलले मी."

चारुशीलाने मनातल्या मनात वेळ जुळवून पाहिली. म्हणजे पालखी दारात होती, येसाजी आखेन म्हणत होता, तेव्हा इरा आखेनलाच होती. पांघरुणात. अक्षर न् अक्षर बरोबर होतं. तिला हसू आलं, रडू आलं, लेकीला दोन थपडा द्याव्यात असं वाटलं आणि तिच्या त्या लाल टोपीची चौकशीही करावीशी वाटली.

"जेव काहीतरी," ती म्हणाली. "ओरडायचं ते नंतर ओरडते. आणि इरा, पुढच्या वेळी मज्जा आली की मलाही सांगत जा."

फोन ठेवला तेव्हा चिंतामणी आणि अनिश पालखीमागून पुढे गेले होते. भागीवहिनी तेवढी थांबली होती.

"कुठं हाय गो?"

क्षणभर चारुशीलाला वाटलं, दुसरंच काहीतरी सांगावं. खरं सांगितलं तर शिवेवर यायची गरजच नव्हती, हे वहिनीला कळणार, आणि मग आत्ता झालं ते तिला कसं वाटेल? पण आज खोट्या गावांचा पुरता वीट आला होता.

"आखेनला. खोलीत झोपली होती. मघाशीही तिथेच होती."

"म्हंजे घरचा गाऱ्हाणा बरोबर होता."

"हो."

"बरा झाला बाई." भागीवहिनीने पदराने तोंड पुसलं. ती धोंड्यापुढच्या फुटक्या नारळांकडे बघत राहिली. "म्हंजे शिवेवर आता त्यांचा एकट्याचाच."

"एकट्याचं कशाला?" चारुशीला म्हणाली. "इराचंही घेतलंय ना नाव. घेतलेलं नाव परत थोडंच घेता येतं? राहू दे ते. वर्षभर तिच्या काकांना सोबत होईल."

भागीवहिनीने खोबऱ्याचा एक तुकडा उचलून चारुशीलाच्या हातावर ठेवला, एक स्वतःच्या तोंडात टाकला, आणि दोघी घराकडे चालू लागल्या.